घरचा जनरेटर आणि खांबावरचा माणूस



सातवी-आठवीच्या विज्ञानात विद्युत परिपथ येतो. सेल, बल्ब, कळ, झालं. मुलं आकृती काढतात आणि मार्क मिळवतात. पण वीज गेल्यावर जो छोटा जनरेटर आपल्या गावात धडधडायला लागतो, तो घराला जोडायचा कसा, हे ना पुस्तकात आहे ना दुकानदार सांगतो. म्हणून आजचा पाठ त्यावर. मुलांना शिकवताना घरच्या मोठ्यांनीही वाचावा, कारण जनरेटरची दोरी ओढणारे हात मोठ्यांचेच असतात.

आपल्या जालना जिल्ह्यात मे-जून म्हणजे वाऱ्या-वावधानाचे दिवस. झाड पडतं, तार तुटते, डीपी जळते. मग लग्नघर असो, पिठाची गिरणी असो की मोबाईलचं दुकान, अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर बाहेर निघतो. इथपर्यंत काहीच चूक नाही. चूक होते ती पुढच्या दोन मिनिटांत. कुणीतरी वायरच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावून ठेवलेली असते. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीवरच्या बोर्डात. घरातले सगळे दिवे लागतात आणि सगळे म्हणतात, बघा कसा जुगाड केला!

या जुगाडात काय होतं ते नीट पाहू.

भिंतीतलं सॉकेट वीज 'घ्यायची' जागा आहे असं आपल्याला वाटतं. तारेला मात्र आत-बाहेर असं काही कळत नाही. सॉकेटमधून घुसलेला करंट घराच्या वायरिंगमध्ये पसरतो, तसाच मेन स्विचमधून, मीटरमधून उलटा बाहेर पडतो, सर्व्हिस वायरने खांबावर जातो आणि खांबावरून डीपीपर्यंत. वर्तमानपत्रात याला 'रिटर्न करंट' किंवा 'रिव्हर्स करंट' म्हणतात. वायरमन मृत्युमुखी, अशा चार ओळींच्या बातमीत हा शब्द अधूनमधून येतो आणि आपण पान उलटतो.

आता डीपीत काय होतं? इथं गणिताचा तासही होऊन जातो. डीपी म्हणजे वितरण रोहित्र. ते ११,००० व्होल्ट घेतं आणि फेज-न्यूट्रलमध्ये साधारण २५० व्होल्ट देतं. मुलांना भागाकार करायला सांगा: ११,००० भागिले २५० म्हणजे ४४. याचा अर्थ रोहित्र दाब ४४ पटीने कमी करतं. पण रोहित्राला सुलटं-उलटं दोन्ही सारखंच. खालून २३० व्होल्ट दिले तर वर किती निघतील? २३० गुणिले ४४, म्हणजे १०,१२० व्होल्ट. टीव्ही आणि पंख्यासाठी चालू केलेला जनरेटर गावाबाहेरच्या मोठ्या लाईनवर दहा हजार व्होल्ट चढवू शकतो. हे उत्तर फळ्यावर आलं की वर्गात शांतता होते. होऊ द्या.

त्याच वेळी त्या लाईनवर माणूस चढलेला असतो. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, पण आपल्याकडे अजूनही 'एमएसईबीचा माणूस आला' असंच म्हणतात. महावितरण त्याला जनमित्र म्हणतं, गाव त्याला लाईनमन म्हणतं. त्याने उपकेंद्राकडून परमिट घेतलेलं असतं. म्हणजे लाईन बंद केली आहे, काम करा, असा निरोप. उपकेंद्राने खरंच बंद केलेली असते. तो निरोप खोटा ठरतो आपल्या घरातून. नियमाने त्याने डिस्चार्ज रॉडने लाईन तपासून, अर्थ करूनच हात लावायचा असतो आणि बरेच जण तसं करतातही. पण वादळात, रात्री, खाली उभं राहून सगळं गाव 'लाईट कधी येणार' विचारत असताना एखादी पायरी सुटू शकते. त्याची पायरी सुटली तरी तो मरू नये, एवढं आपल्या हातात आहे. तो परका नसतो. त्याचं पोरगं कदाचित तुमच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसतं.

काही जाणकार पालक इथं हरकत घेतील: एवढासा जनरेटर सगळ्या गावाचा लोड कसा ओढेल? लगेच बंद पडेल ना! बऱ्याचदा पडतोही. पण कुठे तार तुटलेली असेल, किंवा डीपीतला फ्यूज काढलेला असेल, तर त्या तुकड्यावर आपलं घर आणि शेजारची दोन-चार घरंच उरतात. तेवढं तो आरामात ओढतो. आणि माणूस जायला दहा हजार व्होल्ट लागत नाहीत, २३० पुरतात.

दुसरी हरकत नेहमीची: आम्ही आधी मेन स्विच पाडतो, मगच जनरेटर लावतो. ज्याला आठवतं तो पाडतो. पण तुम्ही शेतात असताना घरी मुलाने लावला तर? लग्नात मंडपवाल्याने 'बोर्ड कुठंय' विचारून परस्पर जोडला तर? शिवाय जुन्या घरांत कटआऊट काढला तरी फक्त फेज तुटतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि मेन चालू राहिला आणि मध्येच लाईट आली, तर दोन्हीकडचा सप्लाय समोरासमोर भिडतो. जनरेटर जळतो, कधी वायरिंग पेटतं. त्या दोन टॉपच्या वायरीचा आणखी एक दोष म्हणजे एक टोक निसटलं की त्याच्या उघड्या पितळी पिनांत जिवंत करंट असतो, आणि खाली रांगणारं लेकरू असतं. अशी वायर घरात असेल तर एक टॉप आजच कापून टाका.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. चेंजओव्हर स्विच. एक दांडा, तीन जागा: मेन, मध्ये बंद, जनरेटर. दांडा एका वेळी एकाच बाजूला राहू शकतो. आठवण, हुशारी, घाई यांचा इथं संबंधच येत नाही, दोन सप्लाय भेटूच शकत नाहीत. सिंगल फेज घरासाठी तो दोन पोलचा हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलतील. फक्त फेज बदलणारा स्वस्तातला स्विच नको. तो मीटर आणि मेन स्विचच्या पुढे, घराच्या बाजूला बसतो. मीटरच्या अलीकडे, खांबाच्या बाजूला आपण काहीही करायचं नसतं. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याला दोन गोष्टी आवर्जून विचारा. लाईट परत आलेली कळायला मेनच्या बाजूला छोटा इंडिकेटर बसवशील का? आणि जनरेटरची अर्थिंग कशी करशील? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. अनेक छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, आणि मग घरातला गळती पकडणारा आरसीसीबी जनरेटरवर असताना काम करत नाही. हे त्याने तपासायला हवं. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतणं हे काम मुलांना द्यायला हरकत नाही, जनरेटर बंद असताना.

चेंजओव्हर बसवायचा नसेल, तर घराच्या वायरिंगला जनरेटर जोडूच नका. चांगल्या जाड तीन तारांच्या वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड थेट जनरेटरला लावा आणि त्यावर फ्रिज, पंखा, दोन दिवे चालवा. दिसायला गबाळं दिसेल, पण पूर्ण सुरक्षित पद्धत आहे.

आता लोडचं थोडं. अडीच केव्हीएचा जनरेटर साधारण २,००० वॅट देतो. ९ वॅटचे ६ बल्ब, ७५ वॅटचे ३ पंखे, १०० वॅटचा टीव्ही, १५० वॅटचा फ्रिज. बेरीज ५२९. भरपूर जागा उरली असं मुलं म्हणतील. मग विचारा, एक एचपीची मोटार लावू का? चालताना ती हजार वॅटच्या आसपास घेते, पण चालू होण्याच्या क्षणी पाच-सहा पट करंट मागते. जनरेटर गुरगुरून बसतो. म्हणून चालू करतानाचा क्रमही मुलांना सांगा. आधी सगळी बटणं बंद, मग जनरेटर चालू, एक-दोन मिनिटं स्थिर होऊ द्यायचा, मग दांडा फिरवायचा आणि एकेक वस्तू लावायची.

करंटपेक्षाही गुपचूप मारणारी गोष्ट म्हणजे धूर. खरं तर धुरातला न दिसणारा भाग. पाऊस म्हणून जनरेटर पडवीत घेतात, चोरी होईल म्हणून दुकानात घेऊन शटर अर्धं खाली ओढतात. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्याला तर काहीच कळत नाही. म्हणून जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, धुराड्याचं तोंड घराकडे नको. पाऊस असेल तर वर पत्रा चालेल, पण चारी बाजू उघड्या हव्यात. घरात एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा आणि १०८ ला फोन करा. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावरच.

वर्गात करायचा प्रयोग सांगतो. खऱ्या विजेला अजिबात हात लावायचा नाही, टॉर्चचे सेलच वापरायचे. पुठ्ठ्यावर एक खांब काढा, एक घर काढा, दोन्हीवर टॉर्चचा एकेक बल्ब बसवा. खांबाच्या वायरीला दोन सेलची जोडी जोडा, ही आपली महावितरण. खांब आणि घर यांच्यामध्ये साधी कळ, हा मेन स्विच. कळ दाबली की दोन्ही बल्ब लागतात. आता महावितरणचे सेल काढा. लाईट गेली. कळ तशीच ठेवून घराच्या बाजूला दुसरी दोन सेलची जोडी लावा. घराचा बल्ब लागतो, आणि खांबावरचाही! हा बल्ब म्हणजे लाईनमन, एवढंच सांगायचं. मग साध्या कळीच्या जागी जिन्याला लावतात तो टू-वे स्विच बसवा. मधलं टोक घराला, एक बाजू खांबाला, दुसरी जनरेटरच्या सेलला. आता कितीही खटखट करा, जनरेटरवर घर उजळतं पण खांबावरचा बल्ब लागत नाही.

हुशार मुलं सौरऊर्जेचं विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गावात छतावर पॅनल दिसू लागले आहेत. लाईट गेली की भर उन्हात ते पॅनलही बंद पडतात आणि लोक कंपनीला बोल लावतात. तो बिघाड नाही. लाईन मेली की इन्व्हर्टरने स्वतःहून थांबावं अशीच त्याची रचना असते, कारण तेच: खांबावर माणूस असू शकतो. त्याला फसवून चालू ठेवायला कुणी जनरेटर जोडत असेल तर थांबवा.

गृहपाठ म्हणून मुलांना तीन प्रश्न द्या, उत्तरं पालकांसोबत शोधायची. आपल्या घरी किंवा शेजारी जनरेटर कुठल्या वायरीने आणि कुठे जोडतात? चेंजओव्हर असेल तर दांडा मेनवर असताना जनरेटरच्या बाजूला तो किती जागा सरकतो? आपल्या गावच्या जनमित्राचं नाव काय? तार तुटलेली दिसली तर लांब उभं राहून १९१२ ला कळवायचं, हेही त्याच वहीत लिहून घ्या.