झाकण्यापूर्वी पाहावे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून,’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. या दोन्ही कामांत खर्चाचा अंदाज चुकतो, मनाला उसंत राहत नाही आणि ऐन वेळी नाना अडचणी उभ्या राहतात, हा तिचा रूढ अर्थ. परंतु म्हणीतील ‘पाहावे’ हा शब्द घरमालकाने अक्षरशः घेतला, तरी त्याचे हितच होईल. घर बांधताना मालकाने पाहावयाचे असते; आणि पुढे जे दिसणार नाही, ते सर्वांत आधी पाहावयाचे असते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग मानतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हे तालुके आहेत. घाट उतरला की मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांचा सपाट प्रदेश लागतो. पूर्णा नदीच्या या खोऱ्यातील काळी जमीन खोल आणि कसदार आहे. कापूस, तूर, सोयाबीन ही पिके तिच्यावर डोलतात. पण पिकाला माय होणारी ही माती घराला मात्र सावत्र आई होते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेतला, तर माती फुगताना घर उचलते व आकसताना खचते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या चिरा निघतात.

वाडवडिलांना हे ठाऊक होते. शेताच्या जमिनीला ते ‘काळी’ म्हणत आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’. पेरावयाचे ते काळीत, राहावयाचे ते पांढरीवर, अशी त्यांची रीत होती. आता बहुतेक गावठाणे भरली आहेत. नवी घरे गावाबाहेर, काळ्या जमिनीवर उभी राहू लागली आहेत.

घाटाखालच्या अशाच एका गावातील शेतकरी कुटुंबाची ही हकिकत. असे कुटुंब त्या भागात कोठेही भेटेल. घरात नवरा-बायको, सातवीत शिकणारी मुलगी आणि म्हातारी आजी. जुन्या घराचे धाबे गळू लागले, तेव्हा साठविलेले पैसे आणि थोडे कर्ज यांच्या बळावर त्यांनी नवे घर बांधावयास काढले. काम एका अनुभवी मिस्त्रीकडे सोपविले. पण रोज कोणीतरी कामावर हजर राहावयाचे, असे घरात ठरले.

पहिल्या दिवशी जागेवर दोऱ्या ताणल्या. मुलीने टेप घेऊन एका दोरीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर आणि दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर खूण केली. कोपरा काटकोनात असेल, तर या दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट भरले पाहिजे. ते पाच फूट दोन इंच भरले. मिस्त्रीने आपला गुण्या लावून पाहिला, हसून खुंटी सरकविली आणि तो म्हणाला, “बाई, तुझ्या गुरुजींना माझा नमस्कार सांग.” पायथागोरसचा सिद्धान्त अशा रीतीने वहीतून वावरात उतरला.

खरी कसोटी पुढे लागली. पायाचा चर तीन फूट खोल गेला, तरी तळाला काळी मातीच होती. मिस्त्री म्हणाला, “वहिनी, गावातली कितीतरी घरे एवढ्याच पायावर उभी आहेत. आता भरून घेऊ.”

घरधनिणीने चरातील मातीचे ढेकूळ उचलले, त्यावर थोडे पाणी शिंपडले आणि तळहातावर वळले. मातीची दोऱ्यासारखी बारीक वळी झाली. मुरमाची अशी वळी होत नाही. ती म्हणाली, “मिस्त्रीभाऊ, तुमच्या हाताला मी नाव ठेवीत नाही. पण ती घरे उभी आहेत म्हणता, तर त्यांच्या भिंतीही एकदा पाहू या. मुरूम लागेपर्यंत खणू.”

मुरूम लागला तो साडेपाच फुटांवर. खणाई, दगड, सिमेंट, सगळाच खर्च वाढला. त्या रात्री घरात हिशेब मांडला गेला. ओसरीचा कठडा, रंगीत फरशी आणि दारावरची नक्षी या गोष्टींवर काट मारावी लागली. घरधन्याला वाईट वाटले. तेव्हा ती म्हणाली, “दाराची नक्षी पुढच्या वर्षी करता येईल, पाया पुढच्या वर्षी करता येत नाही.”

मुरूम फारच खोल असेल, तर एवढा चर खणणे परवडत नाही. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने एक उपाय विकसित केला आहे. जमिनीत अरुंद भोके खोलवर पाडून ती तळाशी कंदासारखी फुगीर करतात आणि त्यांत लोखंड व काँक्रीट भरतात. अशा खांबांवर उभे राहिलेले घर वरच्या मातीच्या हालचालीने डळमळत नाही. चर खणून पाया घेतला असेल, तर बाजूची पोकळी काळ्या मातीने न भरता मुरमाने भरावी, जोत्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घ्यावा आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार ठेवावा, हे नियमही लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा होता. पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. तेथील भूगर्भातील पाणी खारट असते. जागेजवळच कूपनलिका होती व मजूर तिचेच पाणी घेऊ लागले. आजीने ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकून टाकले. “जे पाणी माणसाला पिववत नाही, ते भिंतीला कसे मानवेल?” असे ती म्हणाली. स्थापत्यशास्त्राचा नियमही हाच आहे. पिण्यास योग्य असलेले पाणी सामान्यतः बांधकामास योग्य समजतात. खारट पाण्याने भिंतीला लोणा लागतो, गिलावा सुटतो आणि काँक्रीटमधील लोखंड आतल्या आत गंजते. म्हणून गोडे पाणी टाक्या भरून आणावे लागले.

स्लॅबच्या दिवशी घरधनी स्वतः पाण्याच्या बादल्या मोजीत उभा राहिला. काँक्रीट पातळ असले की पसरावयास सोपे जाते. म्हणून पाणी वाढविण्याचा मोह होतो. परंतु जास्तीचे पाणी उडून गेल्यावर त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात व काँक्रीट दुबळे होते. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला ३० लिटरपेक्षा अधिक पाणी नको, असा साधारण नियम आहे. लोखंडी सळया खालच्या फळ्यांना टेकू नयेत, म्हणून त्यांच्याखाली सिमेंटचे लहान ठोकळे ठेवले आहेत की नाहीत, हेही त्याने वाकून पाहिले. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर शेतातल्यासारखे वाफे करून पाणी भरले. किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, काँक्रीट ओले राहिलेच पाहिजे. शेतकऱ्याला हे पटवून द्यावे लागले नाही. पाळी चुकली की पीक वाळते, हे तो जन्मापासून पाहत आला होता.

झाकलेल्या दोषाचे मोल किती भयंकर असते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्या वेळच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथील अनेक घरांच्या भिंती रुंद व भक्कम दिसत होत्या. पण दगडांच्या दोन थरांमध्ये केवळ माती व कपच्या भरल्या होत्या. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे लांब दगड आत नव्हते आणि वर मातीच्या छताचे ओझे होते. धक्का बसताच थर एकमेकांपासून फाकले. पुढे घरांच्या दुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ते घरमालकांवरच सोपविण्यात आले, आणि ते समजावून देण्यास व त्यावर लक्ष ठेवण्यास गावोगावच्या महिला मंडळांनी हातभार लावला. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण भागाच्या प्रधानमंत्री आवास योजनेतही घर कंत्राटदाराकडून न बांधता कुटुंबाने स्वतः बांधावे, असा नियम आहे. ज्याला घरात राहावयाचे, त्याच्या डोळ्यांइतके जागरूक डोळे दुसऱ्या कोणाचे असणार?

मात्र देखरेख म्हणजे अविश्वास नव्हे. या कुटुंबाने मिस्त्रीवर चोरटी नजर ठेवली नाही. शंका आली ती त्याच्यासमोर विचारली, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि वाढलेल्या कामाची मजुरी चुकती केली. वास्तुशांतीला पहिला मान त्यालाच दिला.

घराने दोन पावसाळे व दोन उन्हाळे पाहिले. भिंतींना चीर पडली नाही. तिसऱ्या वर्षी त्याच गावात तो मिस्त्री दुसऱ्या घराचे काम करीत होता. चर खणून झाला, तेव्हा त्याने मालकाला शेतातून बोलावून घेतले आणि म्हटले, “भाऊ, आधी खाली उतरून पाहून घ्या. मग झाकतो.”

अभ्यास

१. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या शब्दांचे अर्थ सांगा. नवी घरे काळीवर का बांधावी लागतात?
२. “दाराची नक्षी पुढच्या वर्षी करता येईल, पाया पुढच्या वर्षी करता येत नाही,” या वाक्याचे मर्म तुमच्या शब्दांत लिहा.
३. देखरेख आणि अविश्वास यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या घराचा एखादा कोपरा काटकोनात आहे का, हे तीन, चार व पाच फुटांच्या रीतीने मोजून पाहा.