हानलेची कोजागरी

पर्वतमाथ्यावरील वेधशाळा म्हणजे रात्री पाहुण्यांसाठी उघडे ठेवलेले तारांगण, ही समजूत सहल-संयोजकांच्या सोयीची असली तरी खरी नाही. लडाखमधील हानले येथे सुमारे 4500 मीटर उंचीवर असलेली, 2 मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथून उपग्रहसंपर्काद्वारे चालवली जाते आणि तिने टिपलेला प्रकाश इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यावर पडतो. डोळा लावून पाहण्यासाठी ती नाहीच. त्यामुळे ‘महादुर्बिणीतून आकाशदर्शन’ हे माहितीपत्रकातील शब्द वाचताच प्रस्तुत लेखकाने सावध व्हायला हवे होते, हे मान्य. परंतु पुढील दोष त्याचा नव्हे.

सहलीची मुख्य रात्र कोजागरीची ठेवण्यात आली होती. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवून पहाटेपर्यंत आकाशात राहतो आणि वातावरणात विखुरलेल्या त्याच्या प्रकाशात आकाशगंगेचा पट्टा बुडून जातो. रात्री गाडीतून उतरताच लेखकाला जमिनीवर स्वतःची सावली, टोपीच्या गोंड्यासकट, स्वच्छ दिसली आणि ज्या अंधारासाठी लेहहून दिवसभर हाडे खिळखिळी करून घेतली तो येथे नाहीच, हे उमगले. संयोजकांनी “चांदणं बघा की किती छान पडलंय” असे म्हणत मसाला दूध वाटले. दूध चांगले होते, हेही नोंदवले पाहिजे. पैशांचा विषय निघताच मात्र “निसर्गावर आमचा ताबा नाही” असे उत्तर मिळाले. जणू पौर्णिमा ऐनवेळी आली होती!

इच्छुकांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कालनिर्णय उघडावे. अमावास्येच्या आगेमागेच्या चार-पाच रात्री उत्तम; कृष्ण पक्षात चंद्रोदय रोज सरासरी 50 मिनिटांनी लांबत असल्याने सप्तमीनंतर निदान पूर्वरात्र काळोखी मिळते. डोळे अंधाराला सरावण्यास, म्हणजे दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी द्रव्य पुन्हा साठण्यास, अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा एक झोत तो वाया घालवतो, म्हणून मंद लाल प्रकाशाची विजेरी न्यावी. विरळ हवेत प्राणवायू कमी पडून रात्रीची दृष्टीही मंदावते. लेहमध्ये आधी दोन-तीन दिवस मुक्काम करणे त्यासाठीही हितावह. गरम कपडे अर्थातच घ्यावेत.

हानले परिसर 2022 मध्ये अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला असून तेथील प्रशिक्षित गावकरी लहान दुर्बिणींतून आकाश दाखवतात. तिथी ठरवण्याआधी थेट त्यांनाच विचारावे. लेखकाच्या सहलीतही संयोजकांची एक लहान दुर्बीण होती. तिच्यातून चंद्र दाखवण्यात आला, आणि पौर्णिमेला ऊन समोरून पडत असल्याने त्याच्या विवरांच्या सावल्याही दिसल्या नाहीत.