हातात कमाई नाही आणि डोक्यावर कर्ज

मैत्रिणींनो, मजुरी बंद, शेळ्या विकून झाल्या आणि हप्तेवाला दारात. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, "दिवाळं काढ आणि मोकळी हो." कायद्यात हे कसं चालतं ते पाहू.

मुंबई सोडून आपल्याकडे त्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, कर्ज निदान ५०० रुपये हवं. कमाई नाही म्हणून अर्ज अडत नाही. फेडायची ऐपत नाही हेच तर दाखवायचं असतं. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाकडे जाते आणि तिच्यातून देणेकऱ्यांना वाटा मिळतो. उरलेल्या कर्जातून सुटायला पुन्हा वेगळा अर्ज. फसवून घेतलेलं कर्ज आणि सरकारी देणं तरीही डोक्यावर राहतंच.

२०१६ च्या कायद्यात अगदी गरिबांसाठी सोपी वाट लिहिलीय, पण ती अजून सुरू झालेली नाही. तेव्हा "दोन हजार द्या, कर्ज माफ करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

गटाचं कर्ज असेल तर नीट ऐका. एकीची सुटका झाली म्हणून जबाबदारी घेतलेल्या बाकीच्या सुटत नाहीत. म्हणून आधी गटाच्या बैठकीत बोला, हप्ते वाढवून मिळतात का ते बँकेत विचारा.

खरं सांगायचं तर जिच्याकडे काहीच नाही, तिला बऱ्याचदा या अर्जाची गरजच पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्माच्या रीतीने बाईला उतरवता येत नाही असा दागिना, शेतकऱ्याची अवजारं, मजुराचं राहतं घर यांवर जप्ती येत नाही. घर गहाण टाकलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कलम ५६ सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही. "जेलात टाकू" ही बहुतेक वेळा नुसती धमकी असते. दिलेला चेक वटला नाही तर मात्र फौजदारी खटला होऊ शकतो, म्हणून कोरा चेक कुणाला देऊ नका.

मायक्रोफायनान्सवाल्यांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. केला तर तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा.

वकील परवडत नाही? बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा, किंवा पासबुक, कर्जाचं कार्ड आणि आलेल्या नोटिसा घेऊन तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. एकटीने जायला भीती वाटत असेल तर गटातल्या दोघी-तिघींना सोबत न्या.