जुन्या बाजारात

अमरावती शहराच्या जुन्या वस्तीला एके काळी दगडी परकोट होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या भयाने तो बांधण्यात आला. त्याचे काही भाग व काही दरवाजे आजही उभे आहेत. या जुन्या भागात इतवारा नावाचा बाजार आहे. इतवार म्हणजे रविवार. हा बाजार मुळात आठवड्याच्या कोणत्या वारी भरत असेल, हे त्याच्या नावावरून सहज ध्यानात येईल.

मी तरुणपणी शिक्षकाची नोकरी करीत असताना सुटीच्या दिवशी या बाजारात हिंडण्याचा मला मोठा छंद होता. भाजीपाला घेऊन झाला की माझी पावले आपोआप मोडीच्या दुकानांकडे वळत. तेथे गोणपाटावर जुन्या वस्तूंचे ढीग पडलेले असत. पितळी गुंड, तांब्याची घंगाळे, कल्हई उडालेली पातेली, वाती विझून कित्येक वर्षे लोटलेल्या समया, हत्तीच्या व मोराच्या आकाराचे अडकित्ते, किल्ली हरवलेली कुलपे, दौती, कंदील आणि दगडी वजने. जुने वाडे पाडले जात होते, भाऊ-भाऊ वेगळे होत होते आणि घरोघर स्टेनलेस स्टीलची भांडी येत होती. माळ्यावरील जुनी भांडी मग मोडीत निघत. बाजारात काही दिवस पडून राहावे आणि कोणी न नेल्यास भट्टीत जावे, हेच त्यांचे प्राक्तन.

एकदा एक तांब्या मी उचलून पाहू लागलो. त्याच्या गळ्याशी ठिपक्यांनी एक नाव कोरले होते. दुकानदार वृद्ध होता. तो म्हणाला, "गुरुजी, पितळ म्हून घ्याल तं वजनाचा भाव. अन् जुनं म्हून घ्याल तं मंग तुमच्या मनाचा भाव."

त्याचे बोलणे मला फार अर्थपूर्ण वाटले. वस्तूचे वजन तराजू सांगतो, परंतु तिचे वय मात्र आपले आपणच शोधावे लागते. त्यासाठी थोडा अभ्यास हवा. त्या तांब्यावर नावाखाली 'शके १८४७' असे कोरलेले होते. शालिवाहन शकाच्या अंकात ७८ मिळवले की साधारणतः इसवी सन मिळतो. म्हणजे हा तांब्या १९२५ च्या सुमाराचा. वऱ्हाडात व्यापारासाठी येऊन स्थायिक झालेल्या मारवाडी घराण्यांच्या वह्यांतून विक्रम संवत् आढळतो. त्यातून ५७ वजा करावे लागतात. निजामशाही अमदानीतील कागदांवर फसली सन असतो. दक्षिणेकडील फसलीत ५९० मिळवावे लागतात. एका बाजारात हिंडताना तीन कालगणनांचे गणित करावे लागते ते असे! नावाआधी 'सौ.' असेल तर ते भांडे बहुधा एखाद्या मुलीबरोबर लग्नात सासरी आलेले असते. तिच्या माहेरच्या माणसांनी ते कासाराकडे नेऊन नाव घालून घेतले असेल. तो तांब्या मी त्या दिवशी घेतला नाही. पुढच्या रविवारी गेलो, तेव्हा तो ढीगच तेथे नव्हता.

नाण्यांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. तोपर्यंत एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे व एका पैशाच्या ३ पै असा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवण्यासाठी सरकारने १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा काढला. तोही जुन्या बाजारात पुष्कळ मिळतो. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया पाहिला तर त्यावर बहुधा १८६२ हे वर्ष दिसते. परंतु तो त्याच वर्षी पाडला गेला असे समजू नये. तेच वर्ष कोरलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. नाणेसुद्धा कधीकधी आपले वय चोरते! या रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. त्यामुळे तो वजन म्हणूनही वापरला जाई. ८० तोळ्यांचा शेर होत असल्यामुळे ८० रुपये पारड्यात टाकले की शेर भरे. तो शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होतो.

आता माझ्या हातून घडलेला एक अपराध सांगतो. एका ढिगात मला तांब्याचे एक जाड, ओबडधोबड नाणे मिळाले. त्यावर हिरवट-काळी पुटे चढली होती आणि त्यांखाली फारसी अक्षरांच्या वळणाचे काहीतरी दिसत होते. अचलपूर म्हणजे पूर्वीचे एलिचपूर. ती वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेले आणि मोगलांच्या व पुढे निजामाच्या अमदानीत एलिचपुरास टांकसाळ होती. हे नाणे तेथलेच असेल, अशी आशा माझ्या मनात उत्पन्न झाली. मी घरी आलो आणि नाणे स्वच्छ दिसावे म्हणून चिंच व राख लावून ते अर्धा तास घासले. नाणे सोन्यासारखे चकाकू लागले. पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला लोक 'अजब बंगला' म्हणतात, तेथे नाणी पाहण्यास गेलो असता एका जाणकार गृहस्थांना मी ते दाखवले. त्यांनी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिले व शांतपणे म्हणाले, "अक्षरे होती. आपण ती पुसलीत."

ते पूट म्हणजे मळ नव्हे. धातूवर कालांतराने चढणारा तो थर खालच्या अक्षरांना एक प्रकारे सांभाळीत असतो. ते नाणे एलिचपूरचे होते की नाही, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आजही आहे.

जुन्या वस्तू सांभाळाव्यात कशा, हे आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविताही लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा ध्यास लागला. राजांच्या तलवारी गोळा करणारे पुष्कळ असतात. केळकरांनी मात्र अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, पाय घासण्याच्या वज्री, स्वयंपाकघरातील भांडी अशा, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, त्या वस्तू गावोगाव हिंडून मिळवल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची या कार्यात त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच निवर्तला. त्याच्या नावाने त्यांनी आपल्या संग्रहालयाचे नाव 'राजा केळकर संग्रहालय' असे ठेवले. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यास गेलात तर तो अवश्य पाहा. आणि तेथील अडकित्त्यांसमोर उभे राहिलात, तर इतवाऱ्यातील गोणपाटाची आठवण ठेवा.

पुढे मी अकोल्यास बदलून गेलो. तेथील शाळेत सातवीतील एक मुलगा एके दिवशी मधल्या सुटीत मजकडे आला. त्याने रुमालात गुंडाळलेले एक नाणे काढले. एका बाजूस राम, लक्ष्मण, सीता व हनुमान. दुसऱ्या बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी' ही अक्षरे व १८१८ हे साल. बाजारातील एका अनोळखी माणसाने याची किंमत लाखांत होईल असे सांगून ते त्याच्या वडिलांना दोन हजार रुपयांस विकले होते. ते पैसे बियाण्यासाठी ठेवलेले होते.

मी त्याला फळ्याजवळ नेले. कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकसारखी नाणी १८३५ मध्ये पाडली व त्यांतील रुपयांवर विल्यम राजाचे चित्र होते. त्यापूर्वी मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी असत. रामदरबाराचे असे नाणे कंपनीने चलन म्हणून कधीच काढले नाही. पूजेसाठी असे टाक तयार करतात व त्यांवर वाटेल ते साल घालतात. मुलाने सर्व ऐकून घेतले. मग हळूच विचारले, "सर, हे बाबाले मी सांगू का तुमी सांगसान?"

मी त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी नाणे हातात घेतले, उलटसुलट केले आणि काही न बोलता देवाऱ्यात ठेवून दिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. विषय बदलावा म्हणून मी शेताची चौकशी केली. नांगरताना शेतात कधी काही सापडते का, असे विचारता विचारता मी त्यांना १८७८ च्या कायद्याची माहिती दिली. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा निराळा कायदा आहे आणि अशी वस्तू देशाबाहेर विकता येत नाही.

इतक्यात त्या मुलाची आजी ज्वारी मोजण्यासाठी ओसरीत आली. तिच्या हातात पितळेची एक जुनी पायली होती. काठ झिजून गुळगुळीत झालेला, पोटाला दोन पोचे आणि बुडाशी पुसट अक्षरे. मी ती मागून घेतली व दिव्याजवळ नेली. मेट्रिक मापे सक्तीची होण्यापूर्वी गावोगावची पायली निरनिराळी असे. म्हणून या मापावर गावाचे नाव कोरले होते. खाली शके १८३१, म्हणजे १९०९.

"आजी, ही फार जुनी आहे," मी म्हणालो.

"माह्या सासूची हाय ते," ती म्हणाली. "काहून, इकत घेता का?"

"नाही. पण चिंच लावून घासू नका."

ती हसली, पायली माझ्या हातून घेतली आणि ज्वारीच्या राशीत बुडवून मोठ्याने मोजू लागली, "लाभ... दोन... तीन..." मुलगा तिच्याजवळ जाऊन बसला आणि बुडाशी कोरलेले गावाचे नाव वाचण्यासाठी मापाच्या खाली डोके घालू लागला.