लळा, वळण आणि लस : कुत्रा पाळणाऱ्यांसाठी तीन गोष्टी

कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. शेतावरच्या वस्तीला आणि मेंढपाळाच्या वाड्याला कुत्र्याशिवाय राखण नाही. पूर्वी हा प्राणी अंगणात, फार तर ओसरीवर असे. आता तालुक्याच्या गावातही तो थेट माजघरात आला आहे. मुलांच्या अंथरुणात शिरतो, जेवताना शेजारी बसतो, घरातल्यांची तोंडे चाटतो. त्यामुळे कुत्र्याचे आरोग्य आणि घरातल्या माणसांचे आरोग्य ही आता दोन वेगळी प्रकरणे राहिलेली नाहीत. म्हणूनच या आठवड्याचा हा विषय.

कुत्रा पाळण्याचे फायदे खरे आहेत. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवावे लागते, त्या निमित्ताने मालकाचे पाय हलतात. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना डॉक्टर "चाला" म्हणून सांगून थकतात. ते काम दारात पट्टा तोंडात धरून उभे राहिलेले कुत्रे सहज करून घेते. अमेरिकेतील हृदयरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये असे मत दिले, की कुत्रा पाळणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका कमी असू शकतो. त्याचे एक कारण हे चालणेच आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना असे आढळले, की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्ह्या बाळाच्या मायेत ज्याचा वाटा असतो, तेच हे संप्रेरक. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना कुत्र्याचा आधार का वाटतो, याचा थोडा उलगडा यातून होतो.

परंतु केवळ लळा पुरेसा नाही. लळ्याबरोबर वळण आणि लस या दोन गोष्टी नसतील तर तोच कुत्रा घराला आणि शेजाराला धोक्याचा ठरतो.

आणण्यापूर्वी विचार

कुत्रा साधारण दहा ते पंधरा वर्षे जगतो. आज पहिलीत असलेला मुलगा कॉलेजला जाईपर्यंत ते घरात राहणार. घरातील सर्वांची संमती आहे काय, रोज फिरवणार कोण, गावाला जाताना त्याला कुठे ठेवणार, दवाखान्याचा खर्च झेपेल काय, हे आधी ठरवावे. हौस फिटल्यावर गावाबाहेर सोडून दिलेले कुत्रे उपाशी मरते किंवा लोकांच्या अंगावर जाते.

जात निवडताना आपली हवा पाहावी. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांची कुत्री आपल्या उन्हाळ्यात हाल काढतात. चपट्या नाकाच्या जातींना मुळातच श्वासाचा त्रास असतो. आपले गावठी पिल्लू काटक असते आणि शिकवले तर उत्तम शिकते. मराठवाड्यात व लगतच्या कर्नाटकात पाळली जाणारी कारवान आणि पश्मी ही शिकारी कुत्री आपल्या हवेला सरावलेली आहेत. मात्र त्यांना रोज पळायला मोकळी जागा लागते.

पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच ते किती जोराने चावायचे नाही हे शिकते.

शेपूट सरळ होते काय?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाबाबत ते खरे असेल, कुत्र्याबाबत नाही. कुत्रा शिकतो, फक्त आपल्या शिव्यांनी शिकत नाही. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अन्न मिळण्याआधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. म्हणजे कुत्रा दोन गोष्टींची सांगड घालतो. शिकवण्याचे सारे मर्म या सांगडीत आहे.

पिल्लू 'बस' म्हटल्यावर बसले, की त्याच क्षणी खाऊचा लहानसा तुकडा द्यावा आणि शाबासकी द्यावी. उशीर झाला तर बक्षीस कशाचे हे त्याला कळत नाही. शिक्षेचेही तसेच आहे. सकाळी घाण केलेल्या पिल्लाचे नाक दुपारी त्यात घासले, तर ते फक्त मालकाला भिऊ लागते. भ्यालेला कुत्रा हाच पुढे चावणारा कुत्रा होतो.

काही साधे नियम पाळावेत :

- शब्द थोडे आणि ठरलेले असावेत. बाबा 'बस', आई 'खाली' आणि मुले 'सिट' म्हणू लागली तर पिल्लू गोंधळते.
- एका वेळी पाच-दहा मिनिटेच शिकवावे, पण रोज शिकवावे.
- झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच पिल्लाला बाहेर एकाच ठरलेल्या जागी न्यावे. तिथे विधी उरकला की कौतुक करावे. घरात घाण झाली तर न रागावता जागा नीट धुऊन वास घालवावा.
- पिल्लाने हाताला दात लावले की खेळ लगेच थांबवावा. दोन महिन्यांचे पिल्लू बोट चावते तेव्हा घरातले हसतात. तेच एक वर्षाचे झाल्यावर चावते तेव्हा त्याला काठी मिळते. चूक पिल्लाची नसते.
- साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे वय फार मोलाचे असते. या काळात पाहुणे, मुले, टोपी घातलेली माणसे, काठी टेकणारे आजोबा, मोटारसायकलचा आवाज, कुकरची शिट्टी या सर्वांची पिल्लाला हळूहळू ओळख करून द्यावी. लशी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी मात्र त्याला जमिनीवर सोडू नये, कडेवर घेऊन फिरवावे.

सर्वांत उपयोगी धडा

पुष्कळांना कुत्र्याने हात मिळवावा, चेंडू आणावा असे वाटते. ते करावे, पण त्याआधी एक धडा शिकवावा : अंगाला हात लावू देणे. पिल्लू लहान असल्यापासून रोज त्याचे कान उघडून पाहावेत, पंजे हातात धरावेत, ओठ वर करून दात पाहावेत, पोटावरून हात फिरवावा आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. गळ्यात पट्टा आणि थोडा वेळ तोंडाला जाळी यांचीही सवय लावावी.

याचे कारण सरळ आहे. ज्या कुत्र्याला हात लावता येत नाही, त्याला सुई टोचता येत नाही. असा कुत्रा गुरांच्या दवाखान्यात नेण्याचे मालक टाळू लागतो. एका वर्षी लस चुकते, मग दुसऱ्या वर्षी चुकते. कानातला गोचीड दिसत नाही, पंजातला काटा चिघळतो, दुखऱ्या जागी कुणाचा हात लागला की कुत्रे चावते आणि तेव्हा त्याला लस दिलेली नसते. वळण आणि लस या गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

लस, जंत आणि गोचीड

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांवरील एकत्रित लस सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. पार्व्होमध्ये पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात व ते दोन-चार दिवसांतही दगावू शकते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा आणि नंतर दरवर्षी. कोकणासारख्या पावसाळी भागात लेप्टोस्पायरोसिसच्या लशीबद्दलही विचारून घ्यावे. हा रोग उंदरांच्या मूत्रातून पसरतो आणि कुत्र्यांना व माणसांनाही होतो.

पिल्लांच्या पोटात बहुधा आईकडूनच जंत आलेले असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीतून मुलांच्या तोंडात जातात. पिल्लाला लहानपणी दर पंधरा दिवसांनी आणि मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्यावी. खाटकाकडील कच्चे फुप्फुस, काळीज कुत्र्याला कधीही घालू नये. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

गोचीड नुसते रक्त पीत नाहीत, तापही देतात. कुत्रे मलूल झाले, खाणे सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. गोचीड रॉकेल लावून किंवा जाळून काढू नयेत.

काय घालू नये

नुसती दूधभाकरी हा कुत्र्याचा पुरेसा आहार नव्हे. अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. भाकरी किंवा भाताबरोबर उकडलेले अंडे अथवा हाडे काढलेले शिजवलेले मांस द्यावे. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन आतडे फाटू शकते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासारखी आहेत. घरातली ताप किंवा दुखण्यावरची पॅरासिटामॉलसारखी गोळी तर स्वतःच्या मनाने कधीच देऊ नये.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून शरीर थंड करते. उन्हाळ्यात सावली आणि पाणी जवळ हवे, फिरवणे उन्हाआधी किंवा उन्हानंतर, आणि बंद मोटारीत त्याला दहा मिनिटेही ठेवू नये.

मुले आणि कुत्रा

भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण मुलांना शिकवू नये. भुंकणारा कुत्राही चावतो आणि न भुंकणाराही. कुत्रे खात असताना, झोपलेले असताना किंवा पिल्लांजवळ असताना मुलांनी त्याला हात लावू नये. कुत्रे अंग आखडते, नजर रोखते, ओठ वर करते किंवा गुरगुरते, तेव्हा ते 'दूर हो' असे सांगत असते. गुरगुरल्याबद्दल मारू नये. मारल्याने ते पुढच्या वेळी इशारा न देता चावेल. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवावी. पिल्लाने ओरखडा काढला तरी घरी सांगायचे, आणि सांगितल्यावर कोणी रागावणार नाही. मार बसेल या भीतीने मुले असे चावे लपवतात. रेबीज पिल्लांनाही होतो.

चावा झाल्यास

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. मात्र लक्षणांपूर्वी योग्य उपचार वेळेवर झाले तर तो पूर्णपणे टळतो. लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी, क्वचित आठवडाभरात तर कधी वर्षभरानेही दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतातील असतात आणि बळींत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे असते. म्हणून क्रम पाठ करून ठेवावा :

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. विषाणू तिथेच मारण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

२. त्यावर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल तर लशीबरोबर जखमेभोवती रेबीजविरोधी सीरमही द्यावे लागते. ते आवर्जून विचारावे.

४. ठरवून दिलेल्या सर्व तारखांना इंजेक्शने घ्यावीत. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची जुनी पद्धत भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आताची मोजकी इंजेक्शने दंडात देतात. भिण्याचे कारण नाही.

५. कुत्रे घरचे असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः निर्णय घेऊ नये.

घरच्या कुत्र्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, जबडा लोंबला, गिळता येईना, ते अंधाऱ्या कोपऱ्यात बसू लागले किंवा विनाकारण अंगावर येऊ लागले तर सावध व्हावे. घशात हाड अडकले असेल असे समजून अनेक जण अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालतात. हे कदापि करू नये. त्याला वेगळे कोंडून पशुवैद्यकांना बोलवावे.

पॅरिसमध्ये ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर या मुलाला रेबीजची लस टोचण्यात आली आणि तो वाचला. पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबरला झाले. तो दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण शिबिरे होतात. परंतु आपल्या कुत्र्यासाठी सप्टेंबरची वाट पाहण्याची गरज नाही. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी त्याचे लसीचे कार्ड काढावे आणि शेवटची तारीख वाचावी. वर्ष उलटून गेले असेल, किंवा कार्डच सापडत नसेल, तर उद्या सकाळचा फेरफटका दवाखान्याच्या वाटेने न्यावा.