तंजावर : दगडावर लिहिलेली वही

विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक सहलीस निघण्यापूर्वी काय पाहावयाचे हे सांगितले जाते. कसे पाहावयाचे हे क्वचितच सांगितले जाते. तंजावरास मुलांना नेणाऱ्या सभासद कुटुंबांसाठी म्हणून हा लहानसा पाठ आम्ही येथे देत आहो.

तेथील बृहदीश्वराचे मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधविले व ते 1010 साली पूर्ण झाले. गाभाऱ्यावरील सुमारे 200 फूट उंचीचे शिखर पाहून मुले थक्क होतात, ते योग्यच आहे. तथापि त्यानंतर त्यांना खाली, जोत्याच्या दगडांपाशी न्यावे. तेथे तमिळ लेखांच्या ओळीच ओळी आहेत. आपण, आपल्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी व इतरांनी देवास जे अर्पण केले ते सर्व दगडावर कोरावे, अशी राजाची आज्ञा होती. एका अखंड दिव्यासाठी 96 मेंढ्या पशुपालकांच्या हवाली केल्या जात व त्यांनी त्याबद्दल रोज ठरलेल्या मापाचे तूप पुरवावयाचे असे. देवाच्या सेवेतील 400 नर्तकींची नावे व घरे तेथे नमूद आहेत. वादक, हिशेबनीस, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी यांचे वाटेही लिहिलेले आहेत. हे वाटे सारखे नव्हते. परंतु नोंदीतून कोणी वगळला गेला नाही. भक्तीस हिशेबाचे वावडे नसते, हे या दगडांवरून मुलांस सहज समजते.

पुढे सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. ते 1855 पर्यंत टिकले. त्या वंशातील दुसरे सरफोजीराजे यांनी 1803 साली याच मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तमिळ देशातील शिवालयात आपली मायबोली दिसताच मुले हरखून जातात. मग त्यांना सरस्वती महाल ग्रंथालयात न्यावे. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांसमवेत मराठी दरबाराचे मोडी कागदही तेथे जपलेले आहेत.

येथेच खरी अडचण उभी राहते. भाषा आपली, परंतु मोडी लिपी वाचणारा शंभरांत एकही निघत नाही. दगड हजार वर्षे टिकला, कागद दोनशे वर्षे जपला गेला. वाचणाराच उरला नाही, तर त्या जपणुकीचा अर्थ काय? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांस हा प्रश्न अधिकच जवळचा आहे.

पौरोहित्याच्या घरात वाढल्यामुळे आम्हांस एवढे ठाऊक आहे की, देवळाच्या जुन्या वह्या बहुधा फडताळातच जीर्ण होतात. म्हणून सहलीहून परतल्यावर मुलांस एक काम द्यावे. आपल्या देवळाच्या पायऱ्यांवरील, घंटांवरील व समयांवरील नावे त्यांनी उतरून काढावी, ती कोणाची हे वडीलधाऱ्यांस विचारावे, आणि घरात मोडी जाणणारे कोणी असेल तर त्यांच्यापाशी बसून निदान स्वतःचे नाव त्या लिपीत लिहावयास शिकावे. तंजावरचा धडा आपल्या गावी असाच पुरा होईल.