चेहऱ्यावरचा लाल दिवा: लक्स मोजायचा की मिलिवॅट?



दहावीच्या वर्गात एका मुलीने ताईचं उपकरण आणलं. हातात धरून चेहऱ्यावर लावायचं, लाल प्रकाश पडतो, मुरुमं कमी होतात म्हणे. खोक्यावर लिहिलेलं: ६६० नॅनोमीटर, १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ भर दुपारच्या उन्हाइतकी शक्ती! पण मोबाईलचं लक्स ॲप उन्हात लाखाच्या घरात जातं, आणि इथे जेमतेम ४ हजार. "सर, खोक्यावरचं खोटं आहे का?"

प्रश्न छान आहे, कारण चूक दोन्हीकडे असू शकते.

लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो, गडद लाल मंद वाटतो आणि ८५० नॅनोमीटरचा अवरक्त जवळपास दिसतच नाही. आता दर चौरस सेंटीमीटरला नेमका १० मिलिवॅट प्रकाश पडतोय असं समजा. तो ५५५ चा असेल तर सुमारे ६८ हजार लक्स, ६३० चा असेल तर १८ हजार, ६६० चा असेल तर फक्त ४ हजार, आणि ८५० चा असेल तर शून्य! शक्ती तीच, आकडा मात्र कुठल्या कुठे. हे चार आकडे फळ्यावर लिहून मुलांकडे नुसतं बघत राहा, चर्चा आपोआप सुरू होते.

मग सौरऊर्जा मोजायचा स्वस्त मीटर चालेल का? तोही फसवतो. त्यातला सिलिकॉनचा सेन्सर सूर्यप्रकाशासाठी जुळवलेला असतो. लाल प्रकाशाला तो जास्त प्रतिसाद देतो, म्हणून आकडा फुगतो. योग्य मोजमापासाठी थर्मोपाइल, किंवा तरंगलांबी निवडता येणारा पॉवर मीटर लागतो. शाळेत तो कुठून येणार!

पालकांनो, हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मात्रा त्यावरच ठरते. शक्ती गुणिले वेळ. ३० मिलिवॅट, ३ मिनिटं म्हणजे १८० सेकंद: ५.४ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. प्रत्यक्षात १५ च मिलिवॅट असतील तर मात्रा निम्मी. मग मुलं म्हणतात, वेळ दुप्पट करू! तसं परस्पर करू देऊ नका. या उपचारात जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी चालू असेल तर त्वचा प्रकाशाला जास्त संवेदनशील होऊ शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. आणि दिव्यात थेट बघायचं नाही.

तरी लक्स ॲप फेकून देऊ नका. एकाच दिव्याची स्वतःशी तुलना करायला ते चालतं. खोलीत अंधार करा, उरलेल्या उजेडाचं वाचन वजा करा, मग २० आणि ४० सेंटीमीटरवर मोजा. अंतर दुप्पट, वाचन साधारण पावपट. त्वचेला टेकवल्यावर हा नियम लागू होत नाही, कारण तिथे दिवा बिंदू उरत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. एलईडी तापला की प्रकाश थोडा उतरतो.

आमच्या मुलीने घरी जाऊन विक्रेत्याला विचारलं, १०० हा आकडा किती अंतरावर आणि कोणत्या मीटरने मोजलाय? अजून उत्तर आलेलं नाही.